वाढत्या अंगाचं माप

मास्तरांनी शिवलेला गणवेश तीन वर्षं जातो, अशी त्यांची ख्याती होती. पहिल्या वर्षी त्या गणवेशात पोर शोधावं लागे. बाह्या बोटांच्याही पुढे, खांदे कोपरांकडे निघालेले, पँट पट्ट्याने करकचून आवळलेली. दुसऱ्या वर्षी कपडा आणि पोर यांची जरा ओळख होई. तिसऱ्या वर्षी दोघांचं झकास जमे, पण तोवर कापडाचा रंग उडून गेलेला असे. आया मास्तरांवर खूश होत्या. पोरांचं मत कुणी विचारत नव्हतं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला काउंटर, मधोमध कापायचं टेबल, खिडकीपाशी पायमशीन. मागे पडदा, आणि पडद्यामागे दोन खोल्यांचं घर. मास्तरांची बायको दाराजवळ बुटक्या स्टुलावर बसून काजं-बटणं करी. ती कमी बोले, कारण बहुतेक वेळ तिच्या ओठांत सुई असे. पण सुई बाहेर आली की समोरच्याने सावध व्हावं. थोरली मुलगी नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. धाकटी तिसरीत होती आणि तिला सगळे बटण म्हणत. जन्मली तेव्हा इतकी एवढीशी होती की मास्तरांच्या तोंडून तोच शब्द निघाला, आणि खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं.

मास्तरांना ढगळ शिवायचं हे वेड लागलं, त्याला कारण होतं. लहानपणी ते स्वतः भराभर वाढले आणि त्यांच्या पँटी मात्र होत्या तिथेच राहिल्या. घोटे उघडे टाकून वर्गात गेलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "काय रे, पाण्यातून चालत आलास का?" रोज तोच विनोद आणि रोज सगळा वर्ग नव्याने हसायचा. पुढे मामाच्या दुकानात कात्री धरायला शिकले, तेव्हा त्यांनी मनाशी पक्कं केलं की आपल्या हातून कुठल्याही पोराचे घोटे उघडे पडणार नाहीत. मामाने शिकवलं होतं की शिवणीत थोडी माया ठेवावी, म्हणजे आतल्या बाजूला जास्तीचं कापड दुमडून ठेवावं, उद्या उसवून कपडा वाढवता येतो. मास्तरांनी त्या शिकवणीचा अगदी कळस केला. शिवणीत माया ठेवलीच, वर मापातही ठेवली. छातीला टेप गुंडाळली की आत दोन बोटं. लांबीला टेप सोडली की चार बोटं खाली. उंची घ्यायची तर पोराला कपाटाच्या दाराशी उभं करायचं, डोक्यावर पंजा आडवा ठेवायचा, पंज्यावर आणखी दोन बोटं, आणि मग खडूची रेघ. हात आपले आपण जायचे, मास्तरांना विचारायचेही नाहीत.

घरच्या पोरी या मापातून सुटण्याचा प्रश्नच नव्हता. थोरली होती उंचपुरी, तिने कपड्यांना गाठलं तरी. बटणचं मात्र अंग चिमुकलं, आणि बापाचा हात सढळ. तिचा फ्रॉक आधी चालायला लागे आणि मागून ती. एकदा तिने एका गिऱ्हाइकाच्या नव्या कोऱ्या कापडाची बाहुलीसाठी चिंधी कापली. मास्तर खवळून मागे धावले आणि त्यांनी तिचा फ्रॉक पाठीकडून घट्ट पकडला. पोरीने दोन्ही हात वर केले, खाली बसली, आणि गळ्यातून सुळकन निसटून पेटीकोटवर रस्त्यात पळाली. मास्तर दारात उभे, आणि त्यांच्या हातात रिकामा फ्रॉक. समोरचा पंक्चरवाला हसून हसून खाली बसला. बायकोने सुई बाहेर काढून विचारलं होतं, "शिवलाय तरी कुणासाठी?" त्या दिवशी मास्तरही पोट धरून हसले. पुढे कित्येक दिवस ते हा किस्सा गिऱ्हाइकांना रंगवून सांगत.

आता त्या सुट्टीचं. थीम पार्कला जायचं हे या घरात थोरली शाळेत असल्यापासून ठरत होतं. ठरत होतं एवढंच. मुलांना सुट्टी लागते तेव्हाच गणवेशांचा हंगाम येतो, आणि हंगामात दुकान बंद ठेवणारा शिंपी पुढच्या हंगामात काय तोंड दाखवणार? मग कधी मशीनचं काम निघालं, कधी थोरलीची परीक्षा आली, कधी आणखी काही. मास्तर म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. थोरलीला हे वाक्य इतकं पाठ झालं होतं की बापाने तोंड उघडताच ती ओठ हलवून दाखवायची.

या वर्षी तिने सूत्रं हातात घेतली. तिने फोनवर सगळं शोधून काढलं: कोणती बस, कुठे उतरायचं, राहायची खोली पार्कच्या कोणत्या फाटकाजवळ, कोणत्या खेळाला सकाळीच रांग लावायची. हंगाम तापायच्या आधीचे दिवस तिने निवडले आणि बापाला विचारण्याऐवजी सांगितलं. पैशांचं आईने बघितलं होतं, आणि आईने बघितलं म्हणजे त्यात पुन्हा बघण्यासारखं काही उरत नसे. मास्तरांनी आढेवेढे घेऊन बघितले, पण घरात तिघी एका बाजूला झाल्यावर ते गुमान मशीनवर जाऊन बसले. मनातून त्यांनाही बरं वाटलं होतं.

बटणच्या लेखी त्या पार्कमध्ये एकच गोष्ट होती. तिला ती उलटी गाडी म्हणे. रुळावरून चढत जाते, वर गेली की कोसळते, मग गोल फिरून माणसांना खाली डोकं वर पाय करते आणि शेवटी सगळ्यांना जिवंत परत आणते. बटणने तिचा व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की कुठे कोण किंचाळतं हे तिला ठाऊक झालं. तिचं ठरलं होतं: पहिला डबा, पहिली सीट, शेजारी बाबा. तसं तिने वर्गात जाहीरही केलं. तिला कुणी कधी पुढे उभं करत नसे. प्रार्थनेच्या रांगेत तेवढी ती पहिली असायची, तीही बुटकी म्हणून. त्यामुळे या गाडीवर तिचं फार काही अवलंबून होतं. वर्गातल्या एकीने शंका काढली की तिथे म्हणे उंची मोजतात.

मोजतात, हे खरं होतं. थोरलीने सांगितलं की गाडीच्या फाटकाशी लाकडाचं एक अस्वल उभं असतं, पंजा पुढे केलेलं. ज्याचं डोकं पंजाला लागेल तो आत, बाकीचे बाहेर. पंजा अठ्ठेचाळीस इंचांवर. बटणचा चेहरा पडला. मास्तरांनी तिला लगेच कपाटाच्या दाराशी उभं केलं, डोक्यावर हात ठेवला, रेघ मारली आणि टेप लावून म्हणाले, "भरते. वर थोडं उरतंच." मास्तर भरते म्हणाले की त्या गल्लीत त्यावर अपील नव्हतं. बटण दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्या शंकेखोर मुलीला उत्तर देऊन आली.

जायचे दिवस जवळ आले तसं घराला पार्कचं वारं लागलं. एका रविवारी दुपारी दुकान बंद असताना थोरलीने रंगीत तालीम काढली. कापडाच्या गठ्ठ्यातून निघणाऱ्या जाड पुठ्ठ्याचं तिने चक्क अस्वल कापलं, त्याला आईच्या डब्यातली दोन मोठी बटणं डोळे म्हणून लावली आणि पंजा स्टीलच्या पट्टीने नीट मोजून चिकटवला. खुर्च्या एकामागे एक मांडून गाडी झाली. मास्तर पहिल्या खुर्चीवर बसले, कमरेला टेपचा पट्टा बांधून. आई तिकीट तपासायला. बटण ऐटीत चालत अस्वलाशी आली, मान ताठ केली आणि पंजाखालून आरपार निघून गेली. केसही हलला नाही.

बटण मागे वळली आणि म्हणाली, अस्वल चुकलंय. थोरली म्हणाली, मी दोनदा मोजलंय. मास्तर हसत उठले आणि म्हणाले की पुठ्ठ्याचं अस्वल आहे, त्याला काय कळतंय, आपली टेप आहे ना. त्यांनी बटणला जवळ ओढलं, डोक्यावर हात ठेवला, वर दोन बोटं धरली आणि तिथून जमिनीपर्यंत टेप सोडली. "अठ्ठेचाळीस. वर थोडं." बटणने अस्वलाला जीभ दाखवली आणि दोरीवरच्या उड्या मारायला घरामागच्या अंगणात पळाली. थोरली तिच्या मागे गेली, पण जाताना तिने बापाकडे एकदा बघितलं.

मास्तर तसेच वाकून उभे होते. एका हातात टेप, दुसरा हात हवेत.

बायकोने ओठांतली सुई काढून पिनकुशनला टोचली. ती म्हणाली, "अहो, पोरगी गेली बाहेर. तुमचा हात अजून तिथेच आहे."

मास्तरांनी हाताकडे बघितलं. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता हाताखाली मोजा."

मास्तरांनी हाताखाली मोजलं. अठ्ठेचाळीसला दोन इंच आणि थोडं कमी. त्यांनी पुन्हा मोजलं. टेप तीच होती, मामाच्या वेळची, आणि ती इतकी वर्षं बरोबरच सांगत होती. मास्तर कापायच्या टेबलाला टेकले. बायकोला हे किती दिवसांपासून माहीत होतं, हे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून मास्तरांचं कामात लक्ष लागेना. एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. अंगणातून बटणचा आवाज आला की ते मशीन जोरात चालवत. चूक झाली हे त्यांना कळत होतं, पण ती कबूल करायची म्हणजे त्या पोरीला पहिल्या सीटवरून खाली ओढायचं, आणि तेही गाडीत बसायच्या आधी. त्यापेक्षा काहीतरी जमवावं. शेवटी शिंप्याचा हात, जमवायची सवय. कोटाच्या खांद्यात घालायच्या कापसाच्या गाद्या त्यांनी काढल्या, त्यात बकरमचं ताठ कापड भरलं, टिपा मारून दाबून बसवलं आणि बटणच्या बुटांच्या मापाचे दोन जाड तळवे तयार केले. काम इतकं सफाईदार होतं की क्षणभर त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. दोन इंच आणि थोडं, बरोबर भरत होतं. उरलंसुरलं वर बांधलेल्या केसांच्या अंबाड्याने भागलं असतं.

तळवे बुटात बसतात का बघत असताना थोरली आली. तिने बूट बघितला, बापाचा चेहरा बघितला आणि सगळं ओळखलं. ती चिडली नाही. शेजारी बसून तिने फोनवर उलट्या गाडीचा व्हिडिओ लावला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही नीट बघितलाच नाहीये हा. एकदा बघा."

मास्तरांनी चष्मा लावून बघितला. इतर माणसं ती गाडी बघतात, किंकाळ्या ऐकतात. मास्तरांची नजर गेली ती सीटवरच्या दांडीवर. वरून एक जाड दांडी खाली येते आणि खांद्यांवर, छातीवर घट्ट बसते. मोठ्या माणसाला ती चपखल बसत होती. मग एका काटकुळ्या मुलीवर ती बसली. ही मुलगी उंचीत भरलेली, तरी तिचा खांदा आणि दांडी यांच्यात मास्तरांना अंतर दिसलं, दोन बोटं सहज जातील एवढं. गाडी वर गेली आणि उलटी झाली. मास्तरांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे बटण आली, दोन्ही हात वर करून फ्रॉकमधून सुळकन निसटणारी. त्यांच्या हातात रिकामा फ्रॉक होता.

हाच किस्सा आपण गिऱ्हाइकांना हसत सांगत होतो, हे मास्तरांना आठवलं. त्यांनी थोरलीला फोन बंद करायला सांगितला, तळवे बुटातून ओढून काढले आणि कात्री घेऊन त्यांचे तुकडे केले. कापूस टेबलभर पसरला. थोरली तो गुपचूप गोळा करत राहिली.

संध्याकाळी बायकोने स्वतःच विषय काढला. ती म्हणाली की एवढं मनाला लावून घेऊ नका, एक वर्ष थांबू, तोवर पोरगी वाढेल, मग कुणालाच वाईट वाटणार नाही. बसवाला तारीख बदलून देतो, तिने विचारून ठेवलं होतं. सांगायचं काय, तर हंगाम लवकर आला. सगळ्यांना पटेल असं कारण होतं. या घरात ते नेहमीच पटत आलं होतं. मास्तर हो म्हणायच्या बेतात होते. पडद्याच्या फटीतून त्यांना बटण दिसत होती. ती बॅगेत कपडे भरत होती, एकेक फ्रॉकची बाही नीट दोनदा मुडपून, म्हणजे तिकडे गेल्यावर मुडपायला वेळ जायला नको. ते बघून मास्तर म्हणाले, "नको. मी सांगतो तिला."

दुसऱ्या दिवशी बटण शाळेतून आली तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मास्तरांनी तिला उचलून कापायच्या टेबलावर बसवलं. ही तिची आवडती जागा, पण एरवी तिथे बसायला बंदी होती, त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे तिला बसता बसताच समजलं. बायको स्टुलावर होती. हातात सुई होती, पण दोरा ओवलेला नव्हता.

मास्तरांनी फार पाल्हाळ लावलं नाही. "बटण, उलट्या गाडीत तुला बसता येणार नाही. तू भरत नाहीस."

"तुम्ही म्हणालात भरते."

"मी चुकलो. तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हातासकट मोजलं. अस्वल बरोबर होतं."

बटण आधी रागावली, मग रडली. वर्गात आता काय सांगू, असं रडता रडता म्हणाली. मास्तरांनी तिला थोपटायला हात पुढे केला आणि तिने तो बाजूला सारला. आजवर तिने असं कधी केलं नव्हतं. मास्तरांना ते लागलं. बऱ्याच वेळाने बटणने फ्रॉकच्या लांब बाहीला नाक पुसलं आणि विचारलं, "मग मी केवढी आहे?"

मास्तर उत्तर द्यायला गेले आणि अडकले. गल्लीतल्या प्रत्येक पोराचं माप त्यांना तोंडपाठ होतं. पण आपली मुलगी केवढी आहे हे त्यांना सांगता येईना, कारण ते त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. दरवेळी मोजली होती ती पुढे कधीतरी होणारी मुलगी.

त्यांनी तिला खाली उतरवलं, बूट काढायला लावले, कपाटाच्या दाराशी उभं केलं. स्टीलची पट्टी डोक्यावर आडवी टेकवली. हात वर यायला बघत होता, तो त्यांनी दुसऱ्या हाताने जणू धरूनच ठेवला. पट्टीच्या खालून रेघ मारली. बटण वळली आणि रेघेकडे बघत राहिली. तिच्या वर, बरंच वर, मागच्या वेळची रेघ होती.

"ही मी?" तिने विचारलं.

"ही तू."

"आणि ती वरची?"

मास्तर घुटमळले. "ती पुढच्या वर्षीची तू."

बटणने दोन्ही रेघांवर बोट फिरवलं. मग अंगातल्या फ्रॉककडे बघितलं, मुडपून मुडपून जाड झालेल्या बाह्यांकडे, गुडघ्याखाली लोंबणाऱ्या घेराकडे. ती तक्रार करत नव्हती. तिला काहीतरी उलगडलं होतं आणि ती ते सांगत होती.

"म्हणजे माझे सगळे फ्रॉक तिचे आहेत," ती म्हणाली. "बाबा, माझा एक शिवा ना."

स्टुलावर बायकोने मान खाली घातली. इतक्या वर्षांत कित्येक पोरं मास्तरांसमोर हात पसरून उभी राहिली होती, आणि एकाही पोराने त्यांना असं काही मागितलं नव्हतं. मागितलं असेलही, त्यांनी ऐकलं नसेल. उघड्या घोट्यांचा त्यांना इतका धसका होता की मुलाला आज अंगाला बसेल असं काही हवं असेल, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "रंग कोणता?"

रंग पिवळा ठरला. माप घेताना मास्तरांची फार तारांबळ उडाली. छातीला टेप गुंडाळली की बोटं आत शिरत आणि ते ती पुन्हा बाहेर काढत. बटण हसायला लागली, तिला गुदगुल्या होत होत्या. कापताना कात्री खडूच्या रेघेवर येऊन थांबली. शिवणीपुरतं कापड सोडून बाकीचं टाकून द्यायचं, हे मास्तरांच्या हाताला पटत नव्हतं. बायको म्हणाली की हा फ्रॉक फार दिवस जायचा नाही. तसं ती म्हणाली खरं, पण कापड तिनेच दोन्ही बाजूंनी ताणून धरलं होतं. मास्तरांनी रेघेवरून कात्री चालवली.

शिवून झाल्यावर बटणने तो घातला. खांदे खांद्यांवर आले, गळा गळ्याशी. बाह्या मनगटांशी थांबल्या आणि पुढे तिचे दोन हात निघाले. ती आरशात बघायचं सोडून त्या हातांकडेच बघत बसली. मग अस्वलासमोर जाऊन उभी राहिली. डोकं आणि पंजा यांच्यात तेवढंच अंतर होतं. तिने ते बघितलं, आणि उलट्या गाडीत आता कोण बसणार असं विचारलं, कारण पहिली सीट रिकामी ठेवणं तिला मान्य नव्हतं.

"मी बसते," दाराजवळून आवाज आला. सगळ्यांनी वळून बघितलं. मास्तरांची बायको सुईत दोरा ओवत होती. ती म्हणाली की थोरली आणि ती पहिल्या डब्यात बसतील, आणि बापलेकींनी खाली उभं राहून हात हलवावा. थोरलीने तोंडावर हात ठेवला. मास्तरांना हसावं की घाबरावं कळेना. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईला असलं काही करावंसं वाटतं, याचा त्यांना पत्ताच नव्हता. आणखी काय काय मोजायचं राहिलंय कुणास ठाऊक, असं त्यांच्या मनात आलं.

जायच्या दिवशी सकाळी चौघं बसथांब्यावर उभी होती. बटणने वर्गात काय सांगितलं हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण ती मान ताठ ठेवून उभी होती. पिवळा फ्रॉक तिच्या अंगावर नेमका बसला होता. रांगेत मागे गल्लीतल्या एक काकू उभ्या होत्या, मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या तिन्ही मुलांनी मास्तरांचे गणवेश वर्षानुवर्षं ओढले होते. त्यांनी बटणला खालून वर न्याहाळलं आणि त्यांना राहवलं नाही. "मास्तर, हे काय हो? तुमच्या हातचा आणि इतका अंगाबरोबर? चार महिन्यांत आखूड होईल. पुढच्या वर्षी काय घालणार ही?"

मागच्या बाकावरचा तो हशा मास्तरांना पुन्हा ऐकू आला. ते काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात बटणच बोलली.

"पुढच्या वर्षी मी मोठी असेन, काकू. आत्ता मी एवढीच आहे."

बस येताना दिसली. मास्तरांचा हात सवयीने उठला आणि बटणच्या डोक्यावर टेकला. या वेळी तिने तो बाजूला सारला नाही. बस थांबेपर्यंत मास्तरांनी तो तसाच ठेवला, मग बॅगा उचलल्या आणि तिला पुढे चढू दिलं.